खिल्लार बैलाचे डोके शाडूत घडवण्यापूर्वी ब्लेंडरमध्ये करून पाहावे का?

प्रश्न : चित्रशिक्षक, आटपाडी

नमस्कार. आमच्या गावच्या वेशीवरील कमानीसाठी खिल्लार बैलाचे डोके करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते प्रत्यक्षापेक्षा सव्वापट मोठे, मानेचा थोडा भाग धरून, आधी शाडूत आणि नंतर साचा काढून फायबरमध्ये करायचे आहे. माणसांची व्यक्तिशिल्पे मी आजवर बरीच केली, पण प्राणी एकही केलेला नाही. शिवाय माणदेशात खिल्लाराच्या बाबतीत चूक खपत नाही, कारण इथले प्रत्येक पोर शिंगांचे वळण पाहून जातिवंत बैल ओळखते.

शेजारच्या वस्तीवरील एका शेतकऱ्याच्या बैलाची मी मापे घेतली. माथ्यापासून मुस्कटाच्या टोकापर्यंत ते डोके ५४ सेंटीमीटर भरले, म्हणजे सव्वापटीने ते साडेसदुसष्ट सेंटीमीटर होईल. महिनाभर ब्लेंडर हे त्रिमितीय प्रतिरूपे घडवण्याचे सॉफ्टवेअर शिकून मी संगणकावर एक प्रतिरूप केले आहे आणि सध्या त्यावर डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या व केसांची दिशा कोरत आहे. पडद्यावर ते उत्तम दिसते, तरीही ते मातीत उतरवायला बसावे असे काही मनातून होत नाही.

माझे प्रश्न असे. संगणकावरील काम कोठवर न्यावे? त्यावरून मातीत मापे नेमकी कशी उतरवावीत? आणि हा सगळा खटाटोप मुळात आवश्यक आहे का, की पूर्वीप्रमाणे वीतभर मातीचा लहान नमुना करून थेट मोठ्या कामाला हात घालावा?

उत्तर : शाडूवाला

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझे मत त्या बाजूचे आहे. मी पस्तीस वर्षे मातकाम करतो आहे आणि लहान नमुना करणे मी अजून सोडलेले नाही. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पालय आपण पाहिले नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी एकदा जाऊन या आणि तेथील म्हशीच्या शिल्पासमोर थोडा वेळ थांबा. जनावराचे वजन अंगात कसे साठलेले असते, ते तिथे कळते. संगणकात वजन नावाची गोष्टच नाही. तिथे शिंग हवेत तरंगत ठेवले तरी ते पडत नाही, आणि मान कितीही बारीक केली तरी ती डोके तोलून धरते. मातीत मात्र पहिल्याच रात्री मान खचते आणि सकाळी ओले फडके उचलल्यावर बैल खाली बघत असतो.

एवढे बोलून झाल्यावर हेही कबूल करतो की सव्वापट मोजमापाच्या कामात संगणकाचा खरा उपयोग आहे, पण तो आतल्या सांगाड्यासाठी. सळई कोठे वाकवायची, थर्माकोलचा गाभा किती ठेवायचा, त्यावर माती किती जाडीची बसेल, हे आधी कळले तर निम्मी कटकट वाचते. माझ्या एका कामात घोड्याच्या गालातून सळई बाहेर आली होती. मोजमापाची ती चूक पूर्णपणे माझीच होती आणि तिच्यापायी चार दिवसांचे काम खरवडून काढावे लागले.

सुरकुत्या मात्र आजच थांबवा. संगणकात कोरलेली सुरकुती मातीत नक्कल करायला गेलात की हात आखडतो, आणि नक्कल केलेली सुरकुती कातडीसारखी न दिसता ओरखड्यासारखी दिसते.

उत्तर : त्रिमिती

मी ब्लेंडर रोज वापरतो आणि अधूनमधून मातीतही काम करतो, त्यामुळे शाडूवाले यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. लहान नमुन्याला संगणक पर्याय ठरत नाही हे मान्य, परंतु त्यांनी सांगितलेल्या सांगाड्यापेक्षा थोडे अधिक काम त्याच्याकडून काढून घेता येते.

पहिली गोष्ट छायाचित्रांची. मोबाइल बैलाच्या तोंडापासून हातभर अंतरावर धरून काढलेल्या चित्रात मुस्कट फुगलेले आणि शिंगे मागे पळालेली दिसतात. अशा चित्रावर प्रतिरूप बसवले की चूक पायापासूनच शिरते. चार-पाच मीटर मागे जा, झूम वापरा, कॅमेरा बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि बैल रवंथ करत निवांत उभा असताना दोन्ही बाजूंनी, समोरून व शक्य झाल्यास वरून चित्रे घ्या. त्यानंतर ब्लेंडरमध्ये प्रतिरूप आपण घेतलेल्या प्रत्यक्ष मापांना ताडून पाहा. चित्र आणि माप यांत तंटा झाला तर मापाचे ऐका.

दुसरी गोष्ट, फाइलमधील एकके सेंटीमीटरमध्ये ठेवून प्रतिरूप सुरुवातीपासून खऱ्या आकाराचे करा आणि रिमेश करताना, म्हणजे पृष्ठभागाची जाळी नव्याने विणताना, व्हॉक्सेलचे (जाळी ज्यावरून विणली जाते त्या लहान घनाचे) माप एक सेंटीमीटरच्या खाली नेऊ नका. एवढ्या जाड जाळीत सुरकुती कोरताच येत नाही, त्यामुळे लक्ष आपोआप कपाळ, गाल, जबडा आणि मान यांच्या मोठ्या पृष्ठभागांवर राहते. चकचकीत मॅटकॅप (प्रतिरूपावर दिसणारा तयार उजेड-छायेचा मुलामा) काढून टाका आणि एकच दिवा वरून, तिरपा ठेवा, कारण कमानीवर ऊनही वरूनच पडणार आहे. मुख्य म्हणजे कॅमेरा खाली, रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला न्या आणि डोके कमानीइतके वर ठेवून पाहा. खालून पाहताना कपाळ आखडते आणि हनुवटी व नाकपुड्याच पुढे येतात. डोके किती अंशांनी खाली झुकवायचे, हा निर्णय मातीत घ्यायचा म्हणजे सांगाडा मोडावा लागतो, तर पडद्यावर तो पाच मिनिटांत होतो. माझ्या दृष्टीने संगणकाची खरी कमाई हीच.

मापे उतरवण्यासाठी ऑर्थोग्राफिक दृश्यात, म्हणजे जवळ-लांबचा फरक न दाखवणाऱ्या सपाट दृश्यात, बाजूची आणि समोरची बाह्यरेषा काढून घ्या. शिवाय डोळ्यांवरून, गालावरून आणि मुस्कटावरून असे तीन आडवे छेद घ्या. ते खऱ्या मापात छापून पुठ्ठ्यावर डकवा आणि आतील आकार कापून टाका, म्हणजे मातीवर बाहेरून लावून पाहायची फर्मे तयार होतात. प्रत्येक कागदावर दहा सेंटीमीटरची एक रेघ आवर्जून छापा आणि कापण्यापूर्वी तिच्यावर पट्टी ठेवा. मी हे एकदा केले नव्हते. प्रिंटरने पानात बसवण्यासाठी सगळे ९६ टक्के केले आणि मला ते अर्धी माती चढल्यावर समजले. आपल्या कामात एवढ्या फरकाने डोके पावणेतीन सेंटीमीटर आखूड होईल.

ब्लेंडरच्या त्रिमितीय छपाईसाठीच्या ॲडऑनमध्ये प्रतिरूपाचे घनफळही मिळते. ते समजा ४२ लिटर आले आणि ओल्या मातीचे वजन लिटरला सुमारे १.८ किलो धरले, तर भरीव डोक्याला जवळपास ७५ किलो माती लागेल. आत गाभा किती मोठा ठेवावा, हे या हिशेबावरून ठरवता येईल.

उत्तर : गोठ्यातला डॉक्टर

मी शिल्पकार नाही, पशुवैद्य आहे, त्यामुळे माती आणि संगणक यांच्या भांडणात पडत नाही. परंतु दोन्हीकडे एकच चूक होताना मी पाहिली आहे. ती म्हणजे शिंग खुंटीसारखे कपाळात ठोकलेले असते. गाय-बैलांच्या शिंगाचा आतला गाभा हाडाचा असतो आणि तो कपाळाच्या हाडातूनच उगवलेला असतो. कपाळाचे हे हाड इतके मोठे असते की डोक्याचा माथा त्याच्याच कडेने तयार होतो. त्यामुळे शिंगाचे बूड आणि कपाळ यांच्यामध्ये सांधा दिसता कामा नये. खिल्लारात तर शिंगे बुडाशी जवळजवळ असतात, कपाळाच्याच रेषेत मागे जातात आणि मग धनुष्यासारखी डौलाने वर वळतात. दोन शिंगांच्या मधून कपाळावर खाली उतरणारी पन्हळही विसरू नका, कारण जातीची ओळख तिच्यात आहे.

तोंडाविषयी दोन गोष्टी. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कठीण गादी असते, म्हणून वरचा ओठ घोड्यासारखा लवचीक न दिसता जाड आणि बसका दिसतो. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. नवशिके तो तेवढाच रुंद करतात आणि मग बैल पेटीसारखा दिसतो. बाहुली आडवी, लांबट असते. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे अगदी समोरून पाहिल्यास डोळ्याचा फुगवटा आणि वरचे हाड एवढेच ठळक दिसले पाहिजे.

संगणकावर उजव्या बाजूची नक्कल डावीकडे आपोआप होते, असे माझा मुलगा सांगतो. ती सोय शेवटी बंद करा. दोन्ही शिंगे तंतोतंत सारखी असलेला बैल माझ्या दाव्याला अजून आलेला नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : चित्रशिक्षक, आटपाडी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्यंतरी काम सुरू केले. सुरकुत्यांची फाइल बाजूला ठेवून एक सेंटीमीटरच्या जाळीवर नवे प्रतिरूप केले आणि त्याला केवळ दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्याला महिना लागला होता, हे सांगताना थोडे ओशाळल्यासारखे होते. कमानीची उंची धरून खालून पाहिल्यावर डोके आणखी बारा अंश झुकवावे लागेल असे दिसले. त्यानुसार सळई वाकवली आणि मगच गाभा बांधला. वीतभर उंचीचा मातीचा नमुनाही केला. मानेखालची पोळी कशी लोंबते, हे मला पडद्यावर काही केल्या जमत नव्हते. नमुन्यात अंगठ्याच्या एका दाबाने ते जमून गेले.

शिंगे आणि कान वेगळे केले आहेत. डोक्यात नळीचे तुकडे बसवून त्यांत शिंगांच्या सळया सरकवल्या, म्हणजे साचा काढताना ती अलग करता येतील. तीन फर्म्यांपैकी गालाचे फर्मे सर्वांत उपयोगी पडले, तर मुस्कटाचे मी चौथ्या दिवशी टाकून दिले, कारण तिथे खऱ्या बैलाकडे पाहून केलेले काम अधिक बरे वाटू लागले.

काल बैलाचे मालक पाहायला आले होते. त्यांनी माझे काम लांबून पाहिलेच नाही. थेट जवळ येऊन कपाळावरून तळहात वर नेला, दोन्ही शिंगांच्या बुडांना बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "मास्तर, पन्हळ बरुबर हाय, पर डावं शिंग जरा मागं घ्या, आमच्याचं बाहेर नाय." मी फाइल उघडून पाहिली. आरसा, म्हणजे एका बाजूची नक्कल दुसरीकडे करणारी ती सोय, बंद केल्यानंतर डावे शिंग मीच, वेगळेपणा आणायचा म्हणून, अंदाजाने बाहेर वळवले होते. उद्या सकाळी सळई काढून ते वळण पुन्हा घालतो, आणि या वेळी त्या बैलाच्या डाव्या शिंगाचा बाजूचा व वरचा असे दोन फोटो हाताशी ठेवतो. साचा काढण्याआधी शिंगांच्या सांध्यावरील माती किती ओली ठेवावी, हे शाडूवाले यांनी सांगितले तर बरे होईल.

उत्तर : शाडूवाला

बोट दाबले तर ठसा उमटावा, पण माती बोटाला चिकटू नये, इतकी ओली ठेवा. सांध्याच्या कडेला पातळ पत्र्याच्या पट्ट्या खोचून साच्याचे भाग पाडा आणि त्या पट्ट्या पन्हळीवरून न नेता शिंगाच्या बुडाच्या मागून न्या. फायबरवरील जोडाची रेघ तिथे घासली तरी खालून कोणाच्या नजरेस येत नाही.