व्यायामात वेज प्रेशर: 30 धरायचं की 22?

डीएम_दुसरं_वर्ष
साठी ओलांडलेली रुग्ण, जिना चढताना धाप. ईएफ (प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा बाहेर टाकतो तो रक्ताचा वाटा) 60 टक्के, बीएमआय 32, बीपीची दोन औषधं. एचएफपेफ (ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर) असण्याची शक्यता सांगणारा स्कोअर 4, म्हणजे ना इकडे ना तिकडे. झोपून पाय उचलायच्या आधी वेज (फुप्फुसाच्या धमनीत फुगा अडकवून मोजलेला, हृदयाच्या डाव्या बाजूचा अंदाज देणारा दाब) 13 मिमी. सायकलवर 40 वॉटला श्वासागणिक झोके: घेताना 14, सोडल्यावर 30. मॉनिटरचा मीन (सरासरी) 22. रिपोर्टात काय लिहू?

स्वान_गांझ
आधी झिरो तपासा. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) छातीच्या मध्यावर हवा. तो 10 सेंमी खाली राहिला की 7 मिमी फुकटचे वाढतात. पाय पेडलवर गेले की रुग्ण टेबलावर सरकते, म्हणून तेव्हा पातळी पुन्हा बघायची. ट्यूबिंगमधला बुडबुडा लहरी बोथट करतो, फ्लश करून स्क्वेअर वेव्ह (तेव्हा उमटणारी चौकोनी लहर) बघा. वेज खरा आहे का? फुगा फुगलेला असताना टोकातून रक्त काढा, सॅच्युरेशन धमनीच्या जवळ यायला हवं.

25 ची मर्यादा श्वास सोडण्याच्या अखेरीची आहे, त्या हिशेबाने टेस्ट पॉझिटिव्ह. पण लठ्ठ किंवा सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) रुग्ण जोर लावून श्वास सोडतो, तेव्हा छातीतलाच दाब त्यात मिसळतो. कागदावर ट्रेसिंग काढून अनेक श्वासांची सरासरी हातानेही मोजा, दोन्ही आकडे लिहा. श्वास रोखायला मात्र सांगू नका.

फिक_वाला
एकट्या वेजवर भांडण कशाला? आउटपुट (हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं) किती होतं?

डीएम_दुसरं_वर्ष
4.8 वरून 8.8. विश्रांतीतला सरासरी वेज 11.

फिक_वाला
मग उतार, म्हणजे वेजची वाढ भागिले आउटपुटची वाढ, बघा: सरासरीने (22−11)/4 = 2.75, अखेरच्या आकड्याने (30−13)/4 = 4.25. दोन्हीकडे 2 च्या मर्यादेवर; वाद मिटला. फक्त हे आउटपुट कुठून आलं ते सांगा. फिकच्या पद्धतीने, म्हणजे ऑक्सिजनच्या वापरावरून काढलं असेल आणि तो वापर मोजलेला नसून मिनिटाला शरीराच्या चौरस मीटरमागे 125 मिली धरला असेल, तर तो विश्रांतीचा आकडा आहे. व्यायामात वापरलात तर आउटपुट खोटं कमी येतं आणि उतार खोटा वाढतो.

डीएम_दुसरं_वर्ष
थर्मोडायल्यूशन (थंड सलाइन सोडून रक्ताच्या तापमानातल्या बदलावरून), तीन रीडिंग.

स्वान_गांझ
चालेल, पण पाय चालू असतानाच घेतली ना? थांबल्यावर मिनिटाभरातच वेज झपाट्याने उतरतो.