दारू सोडवायला बहिणीला भरती करायचं आहे. लेकरांसकट घेतील अशी जागा आहे का?

वडसा_लाइन:
नमस्कार. आम्ही आरमोरी तालुक्यातले, जिल्हा गडचिरोली. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी मोहाची कुठं भेटते हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. माझी लहान बहीण तिशीतली. सासरी मोहाचा सडवा टाकतात, काढून विकतात. भट्टीवर बसायचं काम तिच्याकडं. कडक उतरली का, हे जिभेवर टाकून पाहता पाहता लागली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तर सकाळी उठल्याबरोबर लागते. नाही भेटली तर हात असे कापतात की चहाची बशी धरवत नाही.

पोरगी साडेपाच वर्षांची. पोरगा चौदा महिन्यांचा, अजून अंगावर आहे. जवाई म्हणतात, तिला न्या, लेकरं इथंच राहू द्या. पण त्या घरात चुलीमागं सडव्याची मडकी, तिथं कसं ठेवू? अन् बहीण म्हणते, लेकरं संग नसतील तर मी गाडीतून उडी मारीन. दोन ठिकाणी फोन केले. एकानं सांगितलं, बायका घेत नाही. दुसरा घेतो म्हणाला, पण लेकरू आणू नका. आमची आई नाही. पोरगीला माझी बायको सांभाळेल, पण अंगावरच्या पोराचं काय? रोवणी आटपली की नेतो असं घरी बोललो आहे, पंधरा दिवस लागतील.

सिस्टर_वर्धा:
दादा, पंधरा दिवस थांबू नका. आणि तोवर घरी कोंडून दारू बंद तर मुळीच करू नका. हात कापतात म्हणजे शरीर त्यावर चालून राहिलं आहे. एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, माणूस बरळतो. यात जीवही जातो. गावात याला बाहेरचं लागलं म्हणतात अन् मांत्रिकाकडं नेतात.

आमच्या वार्डात बाया लाजेपायी "पोट दुखते" म्हणून भरती होतात, दारूचं कोणी बोलत नाही. मग तिसऱ्या रात्री बाई पलंगावरून उठून भिंतीवरचे किडे झटकते, तेव्हा आम्हाला कळतं. म्हणून दारातच सांगा, रोज पिते. ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी बी-१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन जायला पाहिजे. लेकरू अंगावर आहे हेही सांगा. दारू दुधात उतरते तशा शांत करायच्या गोळ्याही उतरतात, डॉक्टर त्या हिशोबानं देतील. तुमच्या जिल्ह्यात मुक्तिपथचे तालुक्याला व्यसन सोडवायचे क्लिनिक आहेत, सुरुवात तिथून करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.

खरं_बोलू_का:
आईच पिते म्हटल्यावर लेकरं काढूनच घ्यायला पाहिजे. बाल कल्याण समितीला कळवा, विषय संपला.

दोन_लेकरांची:
वरचं वाचून मोबाइल ठेवून दिला होता. भाजी टाकली, मग परत उचलला. भाऊ, मी तीच आई आहे. घाटंजीकडची. माझी देशी होती. कापूस वेचताना बाकीच्या बाया खर्रा चघळायच्या, माझ्या कमरेला पव्वा असायचा.

मी दोनदा भरती झाले. पहिल्यांदा लेकरं सासूजवळ ठेवली. नवव्या दिवशी ब्लाउज दुधानं ओला झाला अन् मी फाटकातून निघाले. बसस्टँडवर पोहोचायच्या आधीच प्याले.

दुसऱ्यांदा माझ्या आईनं सेंटरसमोर खोली केली अन् दोन वर्षांच्या पोराला घेऊन तिथं राहिली. पहिले आठ दिवस मला त्याला दाखवलं नाही. बरंच झालं, मी काय काय बरळत होते ते त्यानं पाहायला नको होतं. नंतर मॅडमनं त्याला माझ्याजवळ झोपायची परवानगी दिली. रोज सकाळी तो माझं तोंड उघडून हुंगायचा. सायंकाळी सातला तो किरकिर करायचा अन् मला त्याच वेळी तलफ यायची. तेव्हा ध्यानात आलं की घरी मी त्याची किरकिर ऐकू येऊ नये म्हणून प्यायचे. तिथं सातला कोणी ना कोणी बाई शेजारी येऊन बसायची. तो कसा झोपतो, पालथा की उताणा, हे मला तिथं कळलं. पोटचं लेकरू, अन् मला माहीत नव्हतं!

म्हणून सांगते, याचे दोन भाग करा. पहिले आठ-दहा दिवस दवाखाना, तेव्हा पोरगा वहिनीजवळ, पण दवाखान्याच्या आसपास. पुढचे महिने मात्र तो तिच्या कुशीत पाहिजे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. कुठंही न्या, लेकराचं फोनवरच बोलून घ्या.

अन् पोरगीला मोठी समजू नका. माझी मोठी मावशीकडं ठेवली होती, तिला कोणी काही सांगितलंच नाही. आता नववीत आहे. मी केलेला चहा अजून वास घेऊन पिते.

खरं_बोलू_का, सडवा टाकणाऱ्या घराबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाही.

कलम_वाचा:
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २१. दारूच्या व्यसनामुळं होणारा मानसिक आजारही या कायद्यात येतो. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं लेकरू सहसा वेगळं करता येत नाही. लेकराला धोका आहे असं मनोविकारतज्ज्ञाचं मत पडलं तर करता येतं. पण आईला देखरेखीखाली भेटू द्यावं लागतं, दर पंधरा दिवसांनी फेरविचार होतो, आणि तीस दिवसांच्या वर गेलं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. हे घेऊन फोनवर भांडू नका. तुमच्याकडं याची काय सोय आहे, एवढं विचारा. साडेपाच वर्षांच्या मुलीला हे कलम लागू नाही.

वडसा_लाइन:
सगळ्यांचे आभार. रोवणी चुलतभावावर सोडली, सोमवारी निघतो. बायको पोराला घेऊन संग येते. बहिणीला काल सांगितलं तर काही बोलली नाही. मग म्हणे, पोरगीला काय सांगशील? मी म्हटलं, तूच सांग, मी बाजूला बसतो. रात्री दोघी अंगणात बसल्या होत्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

ताई, एक विचारायचं होतं. पोरगा दोरीच्या पाळण्याशिवाय झोपत नाही. पाळणा न्यावा का?

दोन_लेकरांची:
दोरी वार्डात ठेवू देत नाहीत, भाऊ. त्याची गोधडी न्या. धुऊ नका.