काचेखालचा डोंगर

‘बाहेर एवढी झाडं असताना काचेच्या घरात कशाला जायचं, तासाभरात कंटाळा येतो’ असं काहीजण म्हणतात, मला ते अजिबात पटलं नाही. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बे या बागेत क्लाउड फॉरेस्ट नावाचं भलंमोठं काचघर आहे, आत झाडांनी मढवलेला कृत्रिम डोंगर. तिथे मी अख्खी दुपार काढली, तीही अपुरी पडली. १,००० ते ३,००० मीटर उंचीवरच्या डोंगरातली गार, दमट हवा तिथे जवळजवळ समुद्रसपाटीला राखली आहे! लिफ्टने थेट डोंगराच्या माथ्यावर जा आणि रमतगमत उतरा. घटपर्णी या कीटक खाणाऱ्या वनस्पतीपाशी जरूर थांबा. तिच्या पेल्याची बारीक रेघांची ओलसर कड नीट बघा, मुंगीचा पाय तिथूनच घसरतो.

शेजारच्या फ्लॉवर डोम या दुसऱ्या काचघरात हवा कोरडी आहे, जाडजूड बुंध्याची बाओबाबची झाडंसुद्धा आहेत. (दोन्हीकडे माणसं वावरतात तेवढाच खालचा थर थंड करतात, गरम हवा वर जाते. वीज बरीच वाचते.)

बाहेर पडल्यावर कॅमेऱ्याच्या लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हा थोडा वेळ जाऊ द्या.

आणि ‘हे सगळं खोटं’ म्हणणाऱ्यांनी लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातलं, १८६३ साली खुलं झालेलं टेम्परेट हाउस हे काचघर पाहावं. तिथे एन्सेफॅलार्टोस वुडी नावाचा सायकॅड (ताडासारखं दिसणारं, फार प्राचीन कुळातलं झाड) आहे. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत त्याचं एकच नर झाड सापडलं, मादी आजवर मिळालेली नाही. जंगलात तो आता उरलेला नाही. जगात जिथे कुठे ही झाडं आहेत, ती सगळी त्याच एका झाडाला फुटलेली पिल्लं. मी त्याच्यासमोर बराच वेळ नुसता उभा होतो.