मृदू कौशल्यांसाठी डिजिटल बॅज द्यावेत का?

प्रश्न (नांदेड): एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना संवाद व गटकार्य यांसाठी डिजिटल बॅज (कौशल्य मिळवल्याची खूण म्हणून दिले जाणारे ऑनलाइन चिन्ह) देण्याचा प्रस्ताव आमच्या विभागात आला आहे; पण प्रमाणपत्रांच्या फायली आधीच फुगलेल्या असताना याने वेगळे काय साधेल?

उत्तर (लातूर): सर, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०११ मध्ये मांडलेल्या ओपन बॅज पद्धतीत देणारी संस्था, निकष आणि पुराव्याचा दुवा बॅजच्या चित्रातच नोंदवता येतो. मात्र निकष ‘कार्यशाळेस उपस्थिती’ एवढाच असेल, तर बॅजही पोकळच.

उत्तर (बीड): माझ्या विद्यार्थिनीने पाणलोटाच्या नकाशावर गावकऱ्यांशी पारावर तासभर केलेल्या चर्चेची ध्वनिफीत पुरावा म्हणून जोडली होती. मुलाखतीत तीच ऐकली गेली. बॅजकडे कोणी पाहिलेही नाही.

प्रश्नकर्ता: मॅडम, गटकार्य कोणी तपासायचे, सहाध्यायांनी की मार्गदर्शकांनी, यावरच आमची बैठक अडली आहे.