'याचा मेंदूच तसा आहे' असं म्हणून मोकळं व्हायचं का?

नववीची_बाई
मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाने भांडणात दुसऱ्याचं बोट दाराच्या फटीत धरून दार ढकललं. बोट मोडलं. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "अशांचा मेंदूच वेगळा असतो, स्कॅनमध्ये दिसतं." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून धागा काढतेय.

स्कॅनमध्ये खरंच काही दिसतं. २००८ मध्ये अमेरिकेत ॲबिगेल मार्श, जेम्स ब्लेअर वगैरेंनी दांडगाई करणाऱ्या आणि दुसऱ्याच्या दुःखाने न हलणाऱ्या मुलांना भेदरलेले चेहरे दाखवले. मेंदूतला अमिग्डला हा भीती आणि भावनांशी जोडलेला भाग त्यांच्यात इतरांपेक्षा कमी जागा झाला. २०११ मध्ये अशाच मुलांना कृत्यांचा बरा-वाईटपणा ठरवायला दिला, तेव्हा अमिग्डला आणि डोळ्यांच्या वरच्या बाजूचा कपाळामागचा भाग यांचा आपसातला मेळ कमी दिसला. पण २००९ मध्ये शिकागोत जाँ डेसेटी यांच्या गटाला जवळजवळ उलटं दिसलं. कंडक्ट डिसऑर्डर (सतत मारामारी, नियम मोडणं असं वागण्याचा विकार) असलेली १६ ते १८ वयाची मुलं दुसऱ्याला इजा होताना पाहत होती, आणि त्यांचा अमिग्डला उलट जास्त पेटला होता. ती मुलं मात्र फक्त आठ.

म्हणजे एकाच नावाखाली निदान दोन तऱ्हेची मुलं असावीत: दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारी थंड, आणि चटकन पेटणारी, भडकणारी. आणि हे सगळे आकडे गटाच्या सरासरीचे. माझ्या वर्गातला एक मुलगा त्यात कुठे बसतो, ते स्कॅन सांगू शकत नाही. मग आपण कशाच्या जोरावर शिक्का मारतो?

भांडुपचा_बाबा
बाई, राग मानू नका. माझ्या मुलाला सातवीत असताना वर्षभर एकाने छळलं. पोरगं रात्री दचकून उठायचं. तेव्हा सगळे मला त्या मुलाच्या घरची परिस्थिती सांगत होते. माझ्या मुलाच्या मेंदूचं काय झालं, ते कुणी विचारलं? थंड असो की भडकणारा, मार खाणाऱ्याला लागतं तेवढंच. अशा मुलाला वर्गातून बाहेर काढा, बाकी नंतर बघा.

फोर्टचा_वकील
बाबांशी अर्धा सहमत. कायद्याला रेघ ओढावीच लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं, मग त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का ते ठरतं. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांची मदत घ्यायची असते. यंत्रावर मात्र माझा भरवसा नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. उद्या 'अमिग्डला कमजोर' म्हणून एक वकील सूट मागेल आणि दुसरा त्याच कागदावर 'हा सुधारणार नाही' म्हणेल.

परळची_सायको
मानसशास्त्र शिकतेय. बाई, तुमच्याशी माझं जमत नाही. शिक्का नको म्हणून मेंदूकडे बघणंच टाळू नका. या संशोधनामुळेच कळलं की थंड मुलांवर शिक्षेचा परिणाम कमी होतो. बाहेर उभं करा, ओरडा, त्यांना फारसं काही वाटत नाही. कौतुक, बक्षीस, लहान वयात आईवडिलांना दिलेलं प्रशिक्षण यांचा त्यातल्या त्यात उपयोग होतो. भडकणाऱ्या मुलाला मात्र आधी शांत व्हायला शिकवावं लागतं. सगळ्यांना एकच छडी लावून दोघांचंही नुकसान होतं.

नववीची_बाई
@परळची_सायको, हे मला पटलं. माझा आक्षेप त्या 'मेंदूच तसा' मधल्या 'च' ला होता. तो उच्चारला की आमचं काम संपतं.

@भांडुपचा_बाबा, त्या दिवशी मी आधी मोडलेल्या बोटाच्या मुलासोबत दवाखान्यात गेले. दोघांना आता वेगळ्या तुकड्यांत बसवलंय. पण दुसऱ्याला शाळेतून काढलं तर तो जाईल कुठे? 'मारणं चूक आहे का' विचारलं तर घडाघडा सांगतो. दार ढकलताना समोरच्याचा चेहरा पाहिलास का, असं विचारलं तेव्हा खूप वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तो ओरडत होता ते ऐकू आलं, पण थांबता आलं नाही." हा थंड मुलगा वाटतो का तुम्हाला?

भांडुपचा_बाबा
नाही वाटत. पण बोट मोडलं ते मोडलंच. वेगळ्या तुकड्या केल्यात, बरं केलंत. मधल्या सुट्टीत कोण लक्ष ठेवतं?

नववीची_बाई
मी. आणि मी रजेवर असले की कुणीच नाही. सोमवारी मुख्याध्यापकांकडे समुपदेशकाची मागणी घेऊन जातेय, तेव्हा हेही त्यांच्या कानावर घालते.