‘ऋणे सोड’ की ‘अपराधांची क्षमा कर’?

प्रश्न (मिरज): मैत्रिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये गेले होते. प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणत होते, पण एका ओळीला आवाज फुटले. काहींनी ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हटलं, काहींनी ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’. मी ख्रिस्ती नाही, म्हणून विचारते. यातलं मूळ कोणतं? आणि ऋण आपण फेडतो ना, सोडतो कसं?

प्रतिसाद (सांगली): मूळ म्हणाल तर दोन्ही. ही प्रार्थना बायबलमधल्या मत्तय आणि लूक अशा दोन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, येते. मत्तयाच्या ग्रीक पाठात ‘देणी’ आहेत, लूकच्या पाठात ‘पापे’. कॅथलिक परंपरेतली लॅटिन प्रार्थना मत्तयाला धरून आहे: ‘देबिता नोस्त्रा’, आमची देणी. त्याच्याही मागे गेलं, तर येशूच्या अरामी बोलीत ‘होबा’ हा एकच शब्द कर्जालाही चालायचा आणि पापालाही.

आता ‘सोड’. ऋण फेडतो तो घेणारा, सोडतो तो देणारा. आपल्याकडचा सावकारसुद्धा म्हणतो, ‘चल, व्याज सोडलं, मुद्दल तेवढी टाक.’ प्रार्थनेत देव देणेकऱ्याच्या नव्हे, सावकाराच्या जागी आहे, त्यामुळे ‘सोड’ चपखल आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही ‘जाऊ देणे, मोकळे करणे’ असाच. पुढच्याच ओळीत ‘वाइटापासून सोडव’ येतं. ग्रीकमध्ये तिथे वेगळं क्रियापद आहे, पण मराठीत दोन्ही ओळी एका धातूत ओवल्या गेल्यात. गहाण पडलेली पाटली सोडवून आणतात, ते सोडवणं इथे ऐकू येतं. ‘क्षमा कर’ शुद्ध आहे, पण त्यात यातलं काहीच नाही.

मला खटकतं ते ‘ऋण’. मराठीत तो शब्द फार सोवळा. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडायचीच असतात, कुणी सूट मागत नाही. वर आभाराच्या भाषणात ‘आपल्या ऋणात राहणंच पसंत करीन’ असतंच. ज्यात राहायला आवडतं ते सोड म्हणून गुडघे कशाला टेकायचे? ‘देणी’ जास्त खरं वाटलं असतं.

प्रतिसाद (सातारा): ‘माफ’ विसरलात. चूकही माफ होते, कर्जही माफ होतं. ‘कर्जक्षमा’ कुणी म्हणत नाही, ‘कर्जमाफी’ शेंबडं पोरही म्हणतं. तुमच्या त्या अरामी शब्दाचं काम मराठीत ‘माफ’ करतो. पण फारसी-अरबीकडून आलेला म्हणून प्रार्थनेच्या दाराबाहेर. बाकी आमच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीत मार्चअखेर ‘नवं-जुनं’ होतं. भरलं की लगेच उचललं. दर महिन्याच्या पापकबुलीचंही तेच होत असेल, राग मानू नका.

प्रतिसाद (सांगली): राग कसला, अगदी खरं आहे! ‘माफ’ चा मुद्दा मान्य. मात्र ओळीचा पहिला अर्धा बघा: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू…’ लॅटिनमध्ये आधी मागणं येतं, मग ‘जसे आम्ही सोडतो’. मराठीत जसे-तसे च्या रीतीने आपली बाजू आधी येते, आणि तीही ‘सोडले आहे’ अशी, काम उरकल्यासारखी. मत्तयाच्या ग्रीकमध्येही तिथे भूतकाळच आहे. म्हणजे तोंड उघडण्याआधीच आपली वही कोरी हवी. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात एका चाकराची गोष्ट आहे. राजाने त्याचं दहा हजार तालांतांचं देणं सोडलं, आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे हजारो दिनार. ‘अपराध’ म्हटलं की हा हिशेब डोळ्यांसमोर येत नाही.

प्रश्न (मिरज): मग त्याच प्रार्थनेतलं ‘परीक्षेत आणू नको’? शेजारचा दहावीतला मुलगा ते फार मनापासून म्हणत होता.

प्रतिसाद (सांगली): त्याची प्रार्थना फळो! मूळ शब्दाचे कसोटी आणि मोह असे दोन्ही अर्थ होतात. ‘मोहात’ म्हटलं की देवच मोहात ढकलतो असा सूर लागतो. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इटालियन प्रार्थनेबद्दल हाच आक्षेप घेतला, आणि २०२० च्या अखेरीपासून इटलीत मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, ती ओळ ‘मोहात आम्हाला टाकून देऊ नकोस’ अशा अर्थाची झाली. मराठीत ‘परीक्षा’ राहू द्यावी असं माझं मत आहे. ‘देव परीक्षा बघतो’ हे आपल्याकडे कुणालाच खटकत नाही.