अनुभव धागा: अनोळखी डोंगरावर स्कीइंगचा पहिला दिवस कसा आखावा?

नोव्हेंबर लागला की हा प्रश्न हमखास येतो. कधी स्की केलेलं नाही, जागा पाहिलेली नाही, सुट्टी मोजकी, मग पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं? उत्तरं ठिकठिकाणच्या गप्पांत विखुरली आहेत. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. गुलमर्ग, औली, सोलंग किंवा परदेशातल्या डोंगरावर ज्यांनी पहिल्यांदा पायात स्की अडकवल्या, त्यांनी मोकळेपणाने लिहावं. प्रवासवर्णन थोडक्यात आणि आखणी सविस्तर आली तर जास्त उपयोग होईल. भाडी आणि दर शक्यतो नकोत, ते दर हंगामाला बदलतात.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या दिवशी एकच छोटा, हलका उतार धरावा आणि उरलेला डोंगर दुसऱ्या दिवसावर सोडावा. कुणाचा अनुभव याच्या उलट असेल तर तोही जरूर यावा.

गुलमर्ग (मी पुण्याची)

आम्ही दोघं, माझी बहीण आणि भावजी असे फेब्रुवारीत गेलो होतो. सह्याद्रीत फिरणारी माणसं, त्यामुळे उंचीचं काही वाटणार नाही असा घरात सूर होता. पण कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आणि गुलमर्गचं पठारच २६५० मीटरच्या आसपास. म्हणून पहिली रात्र श्रीनगरला काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी गुलमर्गला पोचलो आणि स्कीला सुरुवात तिसऱ्या सकाळी केली. मधली ती दुपार वाया गेली असं अजिबात समजू नका. पुढचा सगळा दिवस तिच्यावर उभा राहतो.

रस्त्याचं एक ध्यानात ठेवा. तंगमर्गपर्यंत साधी टॅक्सी जाते. तिथून वर गुलमर्ग १३ किलोमीटर. ताजा बर्फ पडलेला असला की वरच्या टप्प्यासाठी चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते. तो वेळ आणि पैसा आधीच धरा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. प्रशिक्षकाशी सकाळी फोनवर बोलायचं असेल तर हे आड येतं.

सामान खोलीवर टाकून थेट भाड्याच्या दुकानात गेलो. सकाळी तिथे झुंबड असते, संध्याकाळी माणूस निवांत असतो. बुटांना जितका वेळ द्याल तितका थोडाच. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. माझ्या बहिणीचा बूट तिला 'छान सैल' वाटत होता. दुकानातले काका खाली बसले, तिला गुडघे पुढे झुकवायला सांगितले आणि बुटाच्या मागच्या बाजूने दोन बोटं आत घातली. ती सरळ टाचेपर्यंत गेली. त्यांनी मान हलवली, दुसरा जोड आणला, मग तिसरा. तिसऱ्यात नडगी बुटाच्या जिभेला वरपासून खालपर्यंत सारखी टेकली, तेव्हा कुठे त्यांनी क्लिपा लावल्या.

मोजा एकच घालायचा, पातळ आणि पोटरीपर्यंतचा. दोन जाड मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. थर्मलचा पायचा बुटात खोचायचा नाही, बुटाच्या वरच ठेवायचा. शिवणीची एक घडी नडगीवर आली तरी तासाभरात तिथली कातडी सोलवटते. आणि वजन, उंची, वय खरं सांगा. त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायचं ते ठरतं. पडल्यावर स्की पायातून सुटायला हवी, नाहीतर गुडघा पिळवटतो.

प्रशिक्षकही त्याच संध्याकाळी ठरवला. किती तास, किती जणांना, लिफ्टचे पैसे धरून की वेगळे, हे सगळं स्पष्ट बोलून घ्या. पर्यटन खात्याकडे नोंद असलेलाच घ्या.

गोंडोलाबद्दल, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारबद्दल, बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवाट डोंगराच्या खांद्यावर ३९०० मीटरच्या वर. दुसऱ्या टप्प्याच्या वरचा उतार बराचसा नैसर्गिक अवस्थेतला, मशीनने दाबून सपाट न केलेला. गस्तीच्या हद्दीबाहेर हिमस्खलनाचा धोका खराखुरा आहे. जगभरचे तयार स्कीअर त्याच बर्फासाठी येतात, नवशिक्याचं तिथे काम नाही. आपल्यासाठी खाली पठारावर, गोल्फच्या मैदानालगत हलके उतार आहेत. पहिल्या दिवशी गोंडोलाच्या रांगेत उभं राहायची गरजच नाही.

शेवटचं, पण बुकिंगच्या आधीचं: बर्फ आहे का ते बघा. चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, सुरू झाले की बर्फ असणारच असं लोक धरून चालतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं पठार कोरडं ठणठणीत होतं. तारीख बदलता येईल अशीच तिकिटं काढा.

औली (नागपूरहून, मुलाला घेऊन)

औलीला एका दिवसाचं स्कीइंग आखू नका, एवढं कळकळीने सांगायचं आहे. ऋषिकेशहून जोशीमठलाच अख्खा दिवस जातो, तोही घाटरस्त्याने. एवढं जाऊन दोन तास स्की करून परत यायचं, यात मुलांचे फक्त हाल होतात. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. राहणं, जेवण, साहित्य आणि शिक्षण एकत्र असल्यामुळे पहिल्या दिवसाची निम्मी चिंता तिथेच मिटते.

२०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचली, घरांना तडे गेले आणि औलीचा रोपवे बंद करावा लागला. म्हणून आखणी रोपवेच्या भरवशावर नको, रस्त्याच्या हिशोबाने करा. बर्फ पडल्यावर गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून सामान कोण नेणार, हे राहण्याच्या ठिकाणी फोन करून विचारा.

आमच्या मुलाचा पहिला दिवस सगळाच्या सगळा पायथ्याशी गेला. आधी नुसते बूट घालून चालणं. मग एकाच पायात स्की. मग दोन्ही पायांत स्की घालून खेकड्यासारखं आडवं चढणं. दुपारनंतर घसरणं, आणि टाचा बाहेर ढकलून, स्कीची टोकं जवळ आणून थांबणं. तो कंटाळेल अशी मला भीती होती. पण पडल्यावर उठण्यातच तो इतका रमला! स्की उताराला आडव्या घ्यायच्या, शरीर त्यांच्या वरच्या बाजूला आणायचं आणि मग हाताने रेटा देऊन उभं राहायचं. स्कीची टोकं उताराकडे असताना उठायला गेलं की त्या आपल्याला घेऊनच निघतात. सरांनी त्याच्याकडून हे इतक्या वेळा घोटून घेतलं की संध्याकाळी तो खोलीत आम्हाला पलंगावर शिकवत होता. नंदादेवी समोर लख्ख उभी होती, तिच्याकडे बघायलाही त्याला सवड नव्हती.

मार्चमध्ये जाणार असाल तर: सकाळी बर्फ काचेसारखा टणक, अकराच्या सुमारास मऊ, दुपारी तीननंतर पाणचट. नवशिक्यांनी ती मधली वेळ गाठावी.

लेक टाहो (कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून)

आमच्याकडे खरी परीक्षा डोंगरावर नसते, रस्त्यावर असते. शनिवारी पहाटे आय-८० वर किंवा हायवे ५० वर सगळं शहर लोटतं. वादळ असेल तर साखळ्यांचे नियम लागू होतात. 'आर-२' हा नियम लागला की बहुतेक गाड्यांना साखळ्या सक्तीच्या. चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्हच्या गाड्यांना तेवढी सूट, पण साखळ्या गाडीत ठेवाव्याच लागतात. त्या घराच्या अंगणात एकदा लावून बघा. अंधारात, रस्त्याच्या कडेला, बधिर बोटांनी हे काम पहिल्यांदा करायला लागू नये. निघण्याआधी कॅलट्रान्सचं (इथल्या रस्ते खात्याचं) क्विकमॅप उघडून रस्ता बघायचा, ही सवयच लावून घ्या.

तिकीट खिडकीवर काढू नका. ऑनलाइन, काही दिवस आधी घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. त्याहून चांगलं म्हणजे नवशिक्यांचं पॅकेज बघा: शिकवणी, भाड्याचं साहित्य आणि फक्त खालच्या लिफ्टचं तिकीट एकत्र. पूर्ण डोंगराचं तिकीट पहिल्या दिवशी कशाला? काही ठिकाणी पार्किंगही आधी राखून ठेवावं लागतं. प्रेसिडेंट्स डेचा (फेब्रुवारीतल्या सुट्टीचा) वीकएंड टाळा. रजा टाकता आली तर मंगळवार-बुधवार गाठा.

नकाशा आदल्या रात्री घरच्यांबरोबर बसून वाचा. इथे हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. पण हे रंग त्या-त्या डोंगरापुरते खरे. एका ठिकाणचा निळा दुसरीकडच्या निळ्यापेक्षा चांगलाच उभा असू शकतो. नकाशावर तीनच गोष्टी शोधा: मॅजिक कार्पेट (नवशिक्यांना वर नेणारा सरकता पट्टा) कुठे आहे, पहिली हिरवी वाट कुठून निघून कुठे संपते, आणि चुकामूक झाली तर भेटायचं कुठे. मुलांच्या स्की स्कूलचे फॉर्म रात्रीच भरून टाका.

पासची चिप जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवायची, त्या खिशात मोबाइल नको. गेटवर अडकायला होत नाही.

झुरिकहून

धागाकर्त्यांशी मी एका बाबतीत सहमत नाही. आईबाबा भारतातून आले होते तेव्हा आम्ही एंगेलबर्गला गेलो. ते टिटलिसच्या माथ्याजवळ ३००० मीटरवर फिरून आले आणि आम्ही खाली गेर्श्नीआल्पच्या नवशिक्यांच्या उतारावर शिकत राहिलो. डोंगर बघण्याची हौस कुटुंबातल्या सगळ्यांनाच असते आणि ती पहिल्याच दिवशी भागली की शिकणाऱ्याचं लक्ष उतारावर राहतं. फक्त जो स्की शिकतोय त्याने सकाळी वर जाऊन यायचं नाही. सकाळची ताकद उतारासाठीच राखायची.

इथे रंग वेगळे. स्वित्झर्लंडमध्ये निळी वाट सगळ्यात सोपी, मग लाल, मग काळी. अमेरिकेतून येणारे मित्र हिरवी शोधत बसतात. गाडीची गरज नाही, ट्रेन डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडते, आणि रेल्वेची स्नो अँड रेल सवलत असेल तर पासही त्यातच होतो. फेब्रुवारीत शाळांच्या स्की सुट्ट्या कँटनप्रमाणे (इथल्या राज्याप्रमाणे) वेगवेगळ्या आठवड्यांत असतात, त्या बघून तारीख धरा.

विमा तपासल्याशिवाय जाऊ नका. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बऱ्याचदा धरलेलं नसतं, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर खर्च छाती दडपवणारा असतो. रेगाचा, म्हणजे इथल्या हवाई बचाव सेवेचा, १४१४ नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आणि नियम. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे आचरणाचे दहा नियम आहेत, ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. निदान दोन तरी पाठ हवेत: पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळायचं. आणि थांबायचं ते वाटेच्या कडेला, अरुंद जागी किंवा वरून न दिसणाऱ्या वळणाखाली कधीही नाही.

टोकियोहून, थोडक्यात

इथे राहणाऱ्यांनी पहिला दिवस गाला युझावाला करावा. शिंकान्सेनमधून (बुलेट ट्रेनमधून) उतरलं की स्टेशनातच भाड्याचं दुकान आणि तिथूनच गोंडोला. जॅकेट-पँटही भाड्याने मिळते, त्यामुळे आवडेल की नाही हे कळायच्या आत खरेदी करावी लागत नाही. हातमोजे, टोपी आणि मोजे मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःचे लागतात. शेवटचा गोंडोला किती वाजता खाली येतो ते वर जाण्याआधी पाहून ठेवा.

नाशिकहून एक प्रश्न

सगळं वाचून जायची फार इच्छा झाली आहे. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे जिना उतरताना थोडे कुरकुरतात. गुलमर्गला लेकीबरोबर जानेवारीअखेर जाण्याचा विचार आहे. मी करावं का, आणि केलं तर कसं?

पुन्हा गुलमर्गवाली

ताई, आमच्या भावजींचीही पन्नाशी उलटली आहे. त्यांनी आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, ते तुम्हीही कराच. डॉक्टर हो म्हणाले तर आजपासून भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायचा सराव सुरू करा. हळूहळू वेळ वाढवा. स्कीवर सगळा भार मांड्यांवर येतो, त्या तयार असल्या की गुडघ्यांची ओढाताण कमी होते.

तिथे गेल्यावर लेकीचा आणि तुमचा प्रशिक्षक वेगळा ठेवा. ती भरभर शिकेल आणि तुम्ही तिच्या वेगाने जायला बघाल. तुमची वेळ सकाळची दोन तासांची, मग कहवा, मग जेवण. दुपारी पाय जड वाटले तर परत स्की घालू नका. थकलेल्या पायांना वळणं जमत नाहीत, त्यात ऊन कलल्यावर उजेड सपाट होतो आणि बर्फातले उंचवटे दिसेनासे होतात. जानेवारीत तुमच्या डब्यात संक्रांतीच्या तिळाच्या वड्या असतीलच, त्यातल्या चार खिशात टाका. पाणी तहान नसली तरी प्या, हेल्मेट मागून घ्या, आणि ढग असले तरी चेहऱ्याला सनस्क्रीन लावा.

हातातल्या काठ्या पहिल्या दिवशी दुकानातच राहू द्या. भावजींच्या प्रशिक्षकाने त्या मुद्दाम काढून घेतल्या होत्या. काठी हातात असली की माणूस तिच्यावर रेलून मागे झुकतो. हात मोकळे ठेवून गुडघ्यांवर ठेवायला लावले, तेव्हा त्यांची नडगी बुटाला टेकली आणि स्की वळायला लागली. जानेवारीअखेरच्या तारखा ठरल्या की इथे लिहा, दुकानात कुठल्या मापाचा बूट मागायचा तेही बघू. तुमच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा, स्कीच्या बुटाचं माप त्यातच असतं.